‘स्थानिक’ म्हणजे नेमकं किती जवळचं?

ओंजळ

आमचा साधारण पन्नास घरांचा खरेदीगट आहे. आठवड्यातून एकदा आसपासच्या उत्पादकांकडून भाजी, अंडी, तेल, धान्य, मध असं एकत्र मागवतो आणि वाटून घेतो. चार वर्षं झाली. सुरुवातीला पाटीवर ‘फक्त स्थानिक माल’ असं लिहिलं, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ कुणी विचारलाच नव्हता. गेल्या बैठकीत त्या एका शब्दावरून दोन तास वाद झाला.

वादाला कारण तीन उत्पादक. पहिले भाजीवाले दादा, शेत १८ किलोमीटरवर. पण ज्या आठवड्यात शेतातून कमी निघतं त्या आठवड्यात ते घाऊक बाजारातून माल उचलतात, हे आम्हाला उशिरा कळलं. दुसरे तेलघाणीवाले काका. घाणी चालत जाण्याच्या अंतरावर, डोळ्यांसमोर तेल काढून देतात. बी मात्र ६०० किलोमीटरवरून येतं. तिसऱ्या धान्य पिकवणाऱ्या ताई. शेत १४० किलोमीटरवर, पण गटातले निम्मे लोक तिथे जाऊन आलेत. पेरणी कधी झाली, बियाणं कुठलं, मळणीला पाऊस आडवा आला का, सगळं त्या आपणहून कळवतात.

६० किलोमीटरचा नियम लावला की पहिले दोघे आत आणि ताई बाहेर. मला हे मनापासून चूक वाटतं, पण का चूक ते बैठकीत नीट मांडता आलं नाही. तुम्ही ‘स्थानिक’ कसं ठरवता? पुढच्या महिन्यात आम्हाला नियम लिहून काढायचा आहे.

तिसरा_प्रहर

६० किमी ठेवा आणि मोकळे व्हा. आज ताईंना १४० ला सूट दिलीत तर उद्या कुणीतरी ३०० वाला ओळखीचा निघेल. अपवाद सुरू झाले की पाटी उतरवून ठेवलेली बरी.

पाऊलवाट

६० किमी सरळ रेषेत की रस्त्याने? मी राहतो तिथे मध्ये नदी आहे. पलीकडचा मळा गच्चीतून दिसतो, पूल मात्र बराच लांब. नकाशावर तो मळा ९ किलोमीटरवर, टेम्पोला ५२ पडतात.

सुगी

वाचतेय. आमच्याकडेही हाच घोळ आहे.

काटकोन

हा घोळ सरकारांनाही सुटलेला नाही. मी मागे यावर बरंच वाचलं होतं, त्यातलं खात्रीचं तेवढं लिहितो.

अमेरिकेत २००८ च्या शेती कायद्यात एका कर्जयोजनेसाठी व्याख्या केली: माल ४०० मैलांच्या आत विकला, म्हणजे जवळपास ६४० किमी, किंवा ज्या राज्यात पिकला त्याच राज्यात विकला, तर स्थानिक. कॅनडात बरीच वर्षं ५० किमीचा निकष होता. तो २०१३ मध्ये सैल केला आणि त्याच प्रांतात पिकलेलं किंवा प्रांताच्या सीमेपासून ५० किमीच्या आत विकलेलं ते स्थानिक, असं धरलं. इटलीने २०२२ मध्ये ‘शून्य किलोमीटर’ माल म्हणजे काय ते कायद्यात लिहिलं. नाव शून्य, मर्यादा ७० किमी, नाहीतर तोच प्रांत. ब्रिटनमधल्या शेतकरी बाजारांचा साधारण नियम ३० मैलांचा, पण लंडनमधल्या बाजारांनी तो १०० मैलांपर्यंत नेला, कारण एवढ्या मोठ्या शहराच्या ३० मैलांत पुरेशी शेतंच नाहीत.

फ्रान्सची तऱ्हा वेगळी. तिथे २००९ पासून ‘छोटी साखळी’ ही संज्ञा आहे आणि तिच्यात अंतर मोजतच नाहीत. पिकवणारा आणि खाणारा यांच्यात जास्तीत जास्त एक मध्यस्थ, एवढीच अट.

म्हणजे ५० किमीपासून ६४० किमीपर्यंत काहीही ‘स्थानिक’ असू शकतं. ओंजळताई, तुमच्या धान्यवाल्या ताई फ्रान्सच्या व्याख्येत बसतात आणि भाजीवाले दादा निम्मेच बसतात.

तिसरा_प्रहर

काटकोन, माहिती उत्तम. पण यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं. प्रत्येकाने शेवटी एक आकडा धरलाच ना?

गोधूली

फ्रान्सने नाही धरला. आणि बाकीच्यांनी आकड्याच्या शेजारी ‘किंवा तेच राज्य’, ‘किंवा तोच प्रांत’ अशी खिडकी ठेवली, हेही बघा. आकडा पुरत नाही हे त्यांनाही जाणवलं असणार. शिवाय कर्ज कुणाला द्यायचं हे ठरवायला केलेली व्याख्या पन्नास घरांच्या गटाला कशाला लावायची?

पेरणी

मी स्वतः भाजी पिकवतो आणि थेट घरोघर देतो, म्हणून भाजीवाल्या दादांची बाजू मांडतो. त्यांनी न सांगता बाहेरचा माल आणला हे चुकलंच. पण ते तसं का करतात तेही ऐकून घ्या.

गटाला दर आठवड्याला दहा-बारा प्रकार हवे असतात. एका शेतातून प्रत्येक आठवड्याला दहा प्रकार निघत नाहीत. दोन हंगामांच्या मधे तीन-चार आठवडे असे येतात की जुनं संपलेलं असतं आणि नवं अजून फुलोऱ्यात असतं. त्या दिवसांत मी चार प्रकार घेऊन गेलो तर लोक म्हणतात, आज काहीच नाही का? पुढच्या आठवड्यात त्यातली दहा घरं ऑर्डर टाकत नाहीत. त्यानंतरच्या आठवड्यात माल भरभरून येतो, तेव्हा ती घरं दुसरीकडे गेलेली असतात आणि माझी भाजी जागेवर पिवळी पडते. हे दोनदा झालं की माणूस घाऊक बाजाराकडे वळतो. मीही एका वर्षी वळलो होतो. तेव्हा दोन टोपल्या वेगळ्या ठेवून ‘माझ्या शेतातलं’ आणि ‘बाजारातून आणलेलं’ अशा चिठ्ठ्या लावल्या. लोकांनी दोन्हीतलं घेतलं, कुणी वाईट बोललं नाही.

जपानमध्ये १९७० च्या दशकापासून ‘तेइकेई’ नावाची पद्धत आहे, शेतकरी आणि खाणारी कुटुंबं यांचा थेट करार. १९७८ मध्ये त्यांनी तिची दहा तत्त्वं लिहून काढली. त्यात एक असं की ठरल्याप्रमाणे जे पिकेल ते सगळं खाणाऱ्याने स्वीकारायचं. स्थानिक हवं असेल तर गटानेही इतकं तरी वाकायला हवं. सगळं ओझं पिकवणाऱ्यावर टाकून ‘फक्त स्थानिक’ची पाटी लावणं बरोबर नाही.

सांजवेळ

पेरणीदादा, तुमच्या दोन टोपल्यांचं मनापासून कौतुक. आमच्या गटात झालं ते असं.

मी वाटपाच्या दिवशी माल मोजायला बसायचे. टोमॅटोचे क्रेट यायचे, सहा-सात. एक दिवस क्रेट रिकामा करताना तळाला चिकटलेला कागद हाताला लागला. ओला होऊन फाटला होता, पण लांबच्या एका शीतगृहाचं नाव आणि तारीख वाचता येत होती. तारीख बारा दिवसांपूर्वीची. मग टोमॅटो नीट पाहिले. सगळे एका मापाचे, सगळ्यांचे देठ काढलेले, एकालाही माती नाही, एकही फुटलेला नाही. शेतातून सकाळी तोडून आणलेल्या टोमॅटोला देठाचा हिरवा वास येतो, बोटांना पिवळट-हिरवा डाग पडतो. ह्यांना काहीच नव्हतं. मी ते आठ महिने मोजत होते आणि मला कधी दिसलं नव्हतं.

त्या शेतकऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “शेत माझंच आहे, या आठवड्यात निघालं नाही एवढंच.” शेत खरंच जवळ होतं. मला राग लांबच्या टोमॅटोचा आला नाही. आठ महिने मी लोकांना ‘आपल्या शेजारच्या शेतातले’ असं सांगत होते, त्याचा आला.

ओंजळ

सांजवेळ, हे वाचून पोटात तुटलं. आमच्याकडेही साधारण असंच समोर आलं, फक्त आम्हाला ते दादांच्या मुलाने बोलता बोलता सांगितलं.

पेरणीदादा, दोन टोपल्यांची पद्धत बैठकीत मांडते. आणि कमी प्रकारांच्या आठवड्यांबद्दल आम्ही कधी विचारच केला नव्हता, हे खरं आहे.

अर्धविराम

थोडा वेगळा मुद्दा. स्थानिक कशासाठी हवंय ते आधी ठरवा, मग व्याख्या आपोआप ठरेल. बहुतेक लोक पर्यावरणाचं कारण देतात, आणि तिथे अंतराचा वाटा वाटतो त्यापेक्षा लहान आहे.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००८ मध्ये तिथल्या घरांच्या अन्नाचा हिशेब केला. अन्नामुळे होणाऱ्या एकूण हरितगृह वायू उत्सर्जनात सगळ्या वाहतुकीचा वाटा ११ टक्के निघाला. त्यातही उत्पादकापासून दुकानापर्यंतचा शेवटचा टप्पा फक्त ४ टक्के. पिकवण्यातच ८३ टक्के जातात. थंड प्रदेशात तापवलेल्या काचघरात वाढवलेल्या जवळच्या टोमॅटोचं उत्सर्जन कधी कधी उन्हाच्या प्रदेशातून ट्रकने आलेल्या टोमॅटोपेक्षा जास्त भरतं. अपवाद विमानाचा. विमानाने आणलेल्या मालाचं उत्सर्जन टन-किलोमीटरमागे जहाजाच्या सुमारे ५० पट पडतं.

आणखी एक. ब्रिटनमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या २००९ च्या अभ्यासात असं दिसलं की भाजी आणायला कुणी स्वतःची गाडी काढून जाऊन-येऊन ६.७ किमीपेक्षा जास्त गेलं, तर त्याचं उत्सर्जन मोठ्या प्रमाणावर घरपोच भाजी देणाऱ्या पद्धतीपेक्षा जास्त होण्याची शक्यता असते. त्या पद्धतीत शीतगृह, बांधणी, मोठा ट्रक सगळं धरूनही. तेव्हा पन्नास घरांनी पन्नास गाड्या काढून शेतावर जाण्यापेक्षा एक टेम्पो १४० किमीवरून आला तर ते वाईट नाही.

सुगी

अर्धविराम, म्हणजे आम्ही दर रविवारी गाडीने २५ किमी जाऊन दोन जुड्या पालक आणतो ते...

अर्धविराम

पालक कमी आणि सहल जास्त असेल तर जरूर जा. सहल म्हणून मोजा. :)

निरांजन

मी पर्यावरणासाठी स्थानिक घेतच नाही, त्यामुळे ४ टक्के असोत की ४०, मला फरक पडत नाही. मी ज्याच्याकडून घेते त्याच्या मुलीचं कॉलेज कुठलं ते मला माहीत आहे आणि माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने न सांगता आठवडाभर भाजी घरी आणून दिली. गारपीट झाली त्या वर्षी आमच्या सोसायटीने त्याला पुढच्या तीन महिन्यांचे पैसे आगाऊ दिले. हे नातं ६४० किमीवर जमेल का? कदाचित जमेलही. पण दुकानाच्या फळीवरच्या पाकिटाशी नाही जमत.

मधुकोश

मधाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्या पेट्या आहेत. मधमाशी चाऱ्यासाठी साधारण तीन किलोमीटरपर्यंत जाते, गरज पडली तर आणखी लांब. तेवढ्या परिघात फुलोरा संपला की मी पेट्या उचलतो. सगळ्या माश्या घरी परतल्यावर, म्हणजे रात्री, दारं बंद करायची, पेट्या गाडीत चढवायच्या आणि उजाडायच्या आत नव्या जागी ठेवायच्या. एका हंगामात तीन जागा होतात. कधी ३० किमी, कधी १५०. मग माझा मध स्थानिक कुठला? मी राहतो तिथला, की फूल होतं तिथला?

पाऊलवाट

माश्यांना ६० किमीचा नियम कुणीतरी वाचून दाखवायला हवा.

मधुकोश

:) मी बाटलीवर फुलोऱ्याच्या जागेचं आणि महिन्याचं नाव लिहितो. लोकांना तेच आवडतं. अजून एक सांगतो, ‘स्थानिक मध खाल्ला की परागकणांची ॲलर्जी जाते’ असं सांगून मध विकणाऱ्यांवर विसंबू नका. ॲलर्जी करणारे बहुतेक परागकण वाऱ्याने पसरणाऱ्या गवतांचे आणि झाडांचे असतात. माशी ज्या फुलांवर बसते त्यांचे पराग जड आणि चिकट, ते नाकात फारसे जात नाहीत. मध चांगला असेल तर मध म्हणूनच विकला जावा.

खलाशी

मासळीचंही तसंच. बोट ज्या बंदराला लागते ते बंदर जवळ असतं, मासा कुठे पकडला ते समुद्राला माहीत. युरोपीय संघात माशाच्या लेबलवर पकडल्याचं सागरी क्षेत्र लिहावं लागतं, बंदराचं नाव लिहून भागत नाही. आमच्या बंदरात मात्र ‘ताजी, इथलीच’ एवढंच ऐकायला मिळतं. मी विचारतो, बोट किती दिवस बाहेर होती? उत्तर द्यायला विक्रेता जरा थांबला की मी पुढच्या पाटीकडे जातो.

गोधूली

खलाशी, हा प्रश्न भाजीलाही लागू आहे. ‘कुठून आणली’ ऐवजी ‘कधी तोडली’ विचारायचं.

आडोसा

सगळ्या मालाला एक आकडा लावणं हीच मूळ चूक आहे, असं माझं मत. फॉन थ्यूनेन नावाच्या जर्मन जमीनदाराने १८२६ मध्ये एक विचार मांडला होता. सपाट प्रदेशाच्या मधोमध एक शहर आहे अशी कल्पना करा. शहराला लागून दूध आणि भाजी, कारण ती नासते. मग जळणाचं जंगल, कारण लाकूड जड. त्यापलीकडे धान्य, आणि सगळ्यात बाहेर गुरं, कारण ती स्वतःच्या पायांनी चालत येतात. तेव्हा शीतगृहं नव्हती, रेल्वेही नुकती कुठे सुरू होत होती, त्यामुळे आज हे चित्र तसंच्या तसं लागू नाही. पण पालेभाजीचं ‘जवळ’ आणि गव्हाचं ‘जवळ’ हे वेगळं असतं, ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे.

धान्य वाळवलेलं असतं. ते वर्षभर टिकतं आणि एका ट्रकमध्ये सगळ्या गटाचं वर्षाचं धान्य मावतं. त्याला १४० किमी काहीच नाही. पालेभाजी १४० किमीवरून आली तर ती निदान आदल्या दिवशी तोडलेली असते. ओंजळताई, मी तुमच्या जागी असतो तर पालेभाजीला ३० किमी, दूध-अंड्यांना ५० आणि धान्य-कडधान्याला ३०० ठेवलं असतं.

तिसरा_प्रहर

आडोसा, हे मला पटलं. आकडे आहेत, पण मालाप्रमाणे आहेत. माझा ६० मागे घेतो.

दूधवाट

दुधाला ५० किमी लिहाल, पण दूध जातं कुठून ते पाहा. आमच्या गोठ्यातलं दूध संकलन केंद्रात जातं, तिथे ४ अंश सेल्सियसपर्यंत गार होतं, टँकरने लांबच्या प्रक्रिया केंद्रात जातं, इतर शेकडो गोठ्यांच्या दुधात मिसळतं, आणि पिशवीत भरून परत आमच्याच चौकात येतं. गोठा चौकापासून दोन किलोमीटर. ते दूध स्थानिक म्हणायचं का? मी म्हणत नाही. मिसळण आणि प्रक्रिया यामुळे दूध सुरक्षित होतं हे मान्य. पण कुठल्या गोठ्याचं, ते कायमचं पुसलं गेलं.

रानपाखरू

अंडी. कोंबड्या माझ्या परसात फिरतात, पण त्यांना फक्त किडे आणि गवत पुरत नाही, खाद्य द्यावं लागतं. पोत्यावर लिहिलेलं एकदा बसून वाचलं. मका, सोयापेंड, खनिज मिश्रण. पोतं भरलं एका ठिकाणी, सोयापेंड आली दुसरीकडून, खनिजं कुठून ते लिहिलेलंच नाही. जगातलं बरंचसं सोयाबीन ब्राझील आणि अमेरिकेतून निघतं. मी अंडी विकते तेव्हा ‘घरची’ म्हणते, आणि कोंबडी घरचीच आहे. पण तिच्या पोटात जाणारं निम्मं तरी लांबचं असतं. हा प्रश्न मला खरंच छळतो. तुम्ही नियम कराल तेव्हा खाद्याचं काय करणार?

काटकोन

रानपाखरू, तिथपर्यंत गेलो तर बियाणं, खत, ट्रॅक्टरचं डिझेल, सगळंच येईल. कुठेतरी थांबावं लागेल.

रानपाखरू

मान्य. पण थांबलो कुठे ते पाटीवर लिहायला काय हरकत आहे? ‘कोंबड्या इथल्या, खाद्य बाहेरचं.’ चार शब्द आहेत.

सुगी

+१. चार शब्दांत काम झालं.

पंचरंग

विषयांतर होईल, पण भौगोलिक मानांकन असलेला माल घेतला की स्थानिक घेतला असं नाही का?

काटकोन

नाही. मानांकन माल कुठे आणि कसा तयार झाला ते सांगतं, तो कुठे विकला जातो त्याचा संबंध नाही. मानांकनाचा माल सातासमुद्रापार गेला तरी मानांकन तसंच राहतं. तुम्ही त्याच प्रदेशात राहत असाल तर तो तुमच्यासाठी स्थानिकही असेल, इतकंच.

तेलघाणीबद्दल मात्र युरोपीय संघाचा एक नियम उपयोगी पडेल. १ एप्रिल २०२० पासून तिथे अन्नपदार्थावर ‘अमुक ठिकाणचा’ असं लिहिलं आणि त्याचा मुख्य घटक दुसऱ्या ठिकाणचा असेल, तर ते सांगावं लागतं. ओंजळताईंच्या काकांच्या बाटलीवर ‘बी बाहेरचं, घाणी इथली’ असं आलं की प्रश्न मिटला. त्यांना गटाबाहेर काढायची काहीच गरज नाही.

तांदूळकण

मला या सगळ्या चर्चेत एक भीती वाटते. स्थानिक म्हणजे चांगलं, बाहेरचं म्हणजे संशयास्पद, असा सूर लागतोय. फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलं होतं की जगातल्या एक तृतीयांशाहून कमी लोकांची मुख्य पिकांची गरज १०० किमीच्या आत भागू शकते. बाकीच्यांना लांबून यावंच लागतं. आणि एका वर्षी दुष्काळ पडला की जवळच्यांचं सगळं एकदम जातं, तेव्हा लांबचा शेतकरीच पोटाला घालतो. जवळ पिकलंय म्हणून त्यावर औषध फवारलेलं नाही असंही होत नाही. मी शेजारच्या शेतात काढणीच्या दोन दिवस आधी फवारणी होताना पाहिली आहे.

पेरणी

तांदूळकण, फवारणीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे ते लिहिलेलं असतं. जवळच्या शेतकऱ्याकडून घेण्याचा फायदा एवढाच की तुम्ही त्याला ते विचारू शकता, आणि तो तुमच्या तोंडावर खोटं बोलायला जरा कचरतो.

आजोबा_७२

सगळे प्रतिसाद वाचले. आमच्या वेळी ‘स्थानिक’ हा शब्दच नव्हता, कारण दुसरं काही मिळतच नव्हतं. ते दिवस फार गोड होते असं नाही. पावसाळ्यात आठवडे-आठवडे हिरवं दिसायचं नाही आणि लहान मुलांचे ओठ फुटायचे. लांबून येणारी भाजी सुरू झाली तेव्हा माझ्या आईने देवाला साखर ठेवली होती. तरुण मंडळी जवळचं शोधताहेत याचा आनंद आहे, फक्त लांबच्याला शत्रू करू नका.

निरांजन

आजोबा, हे वाचून गप्प बसले काही वेळ. लिहीत राहा.

पाऊलवाट

मीठ कुणी विचारलं नाही अजून. समुद्र किंवा मिठाची खाण जवळ नसेल त्यांनी काय करायचं?

काटकोन

व्हँकुव्हरच्या एका जोडप्याने २००५ मध्ये वर्षभर १०० मैलांच्या आतलंच खायचं ठरवलं होतं. बाकी सगळ्यांपेक्षा त्यांना गव्हाच्या पिठाने जास्त छळलं. प्रत्येक जागेचं असं काहीतरी एक असतंच, जे तिथे होत नाही. त्यासाठी यादीत ‘लांबून आणतो’ असा वेगळा रकाना ठेवायचा.

ओंजळ

तीन आठवड्यांनी परत येतेय. बैठक झाली. इथलं बरंच काही वाचून दाखवलं, आजोबांचा प्रतिसाद तर दोनदा.

पाटीवरचा ‘फक्त’ हा शब्द काढला. प्रत्येक मालापुढे आता चार गोष्टी लिहायच्या: कुठे पिकलं, कुणी पिकवलं, कधी काढलं, आणि इथे पोचेपर्यंत काय काय केलं. पालेभाजीला ४० किमीची मर्यादा, कारण ती सकाळी तोडून दुपारपर्यंत हातात हवी यावर सगळ्यांचं एकमत झालं. धान्याला मर्यादा ठेवली नाही, पण वर्षातून एकदा गटातल्या कुणीतरी शेतावर जाऊन यायचं. ताई राहिल्या. तेलघाणीवाल्या काकांनी बाटलीवर बियाण्याचं गाव लिहायला लगेच होकार दिला, उलट म्हणाले की आजवर कुणी विचारलंच नाही.

भाजीवाल्या दादांशी बोलणं अवघड गेलं. आधी ते चिडले. मग पेरणीदादांचा प्रतिसाद त्यांना मोबाइलवर वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, “कमी आलं तर चालेल असं तुम्ही लिहून द्याल का?” आम्ही लिहून दिलं: दोन हंगामांच्या मधल्या महिन्यात चार प्रकार आले तरी सगळी घरं ऑर्डर टाकतील. पहिली परीक्षा पुढच्या आठवड्यातच आहे, कारण त्यांनी कळवलंय की तीनच प्रकार निघणार आहेत.

पेरणी

तीन प्रकारांचं काय होतं ते नक्की कळवा. मी वाट बघतोय.

रानपाखरू

आणि अंड्यांचं खाद्य?

ओंजळ

रानपाखरू, ‘काय काय केलं’ या रकान्यात लिहायचं ठरलंय. पण आमच्या अंडीवाल्यांना स्वतःलाच माहीत नाही सोयापेंड कुठली ते. त्यांनी पोत्यावरच्या नंबरवर फोन लावलाय, अजून उत्तर आलेलं नाही.